त्या दिवशी वारा नव्हता

वारा येणार आहे असं म्हणणं वेगळं आणि वारा आला होता असं म्हणणं वेगळं. गोष्ट एवढीच आहे. ती लोकांना कळावी म्हणून मी चौतीस वर्षं एका लहानशा वेधशाळेत नोकरी केली आणि गावातल्या पानटपरीवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत एकालाही ती पटवून देऊ शकलो नाही. संपादकांनी 'हवामानाच्या नोकरीतल्या गमतीजमती' लिहायला सांगितलंय. गमती आहेत, त्या लिहितो. पण त्यांच्या आडून मला एक भांडण सांगायचं आहे, हे आधीच कबूल करतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

आमचं गाव नांदेड आणि लातूरच्या मधे, लोह्याहून बसनं पाऊण तास. नाव लिहीत नाही, कारण पुढं ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ती मंडळी हयात आहेत आणि रोज चौकात भेटतात. मुलूख सपाट. उत्तरेकडून वारा निघाला की त्याला अडवायला मधे फक्त तूर, हरभरा आणि ज्वारी, आणि मग आमची वेधशाळा.

वेधशाळा म्हटलं की लोकांना घुमट आणि दुर्बीण दिसते. शाळेच्या सहली यायच्या आणि मुलं चंद्र दाखवा म्हणायची. आमच्याकडं होतं ते असं. तारेचं कुंपण, आत गवत, मधोमध चार फुटी पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी. तिला सगळीकडून झडपा, म्हणजे हवा खेळावी पण ऊन लागू नये. दार उत्तरेला, तेही त्याचसाठी. पेटीत चार तापमापी. कोपऱ्यात पर्जन्यमापक. एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि दुसऱ्यावर वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या. बाजूला एक खोली, तीत टेबल, नोंदवही, टेलिफोन आणि मी.

काम दिवसातून दोनदा, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला. ऐकायला हलकं वाटतं. पण दिवाळी असो, ताप असो, घरात मयत असो, साडेआठ ते साडेआठच. माझ्या मुलीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. पाहुणे अक्षता हातात घेऊन बसले होते आणि मी मांडवातून उठून सायकलनं नोंद घ्यायला गेलो होतो. बायकोनं ते अजून माफ केलेलं नाही, आणि मला वाटतं तिचंच बरोबर आहे.

वारा मोजायची रीत सांगतो, कारण पुढं ती लागणार आहे. वाट्यांच्या खाली स्कूटरच्या मीटरसारखी आकड्यांची डबी असते. आकडा वाचायचा, तीन मिनिटं तिथंच उभं राहायचं, परत वाचायचा. दोन्हींतल्या फरकाला वीसनं गुणलं की वाऱ्याचा ताशी वेग मिळतो. हिवाळ्यात ती तीन मिनिटं कान बधिर करायची. मला मात्र दिवसभरातली तीच तीन मिनिटं आवडायची. कोणी हाक मारत नसे, काही लिहायचं नसे, नुसतं वाऱ्यात उभं राहायचं आणि त्याचा पगार मिळायचा.

हिवाळ्याबद्दल आमच्या गावात एक पक्का गैरसमज आहे. जोराचा वारा सुटला की लोक म्हणतात, आज लई थंडी. खरी थंडी असते ती वारा पडलेल्या, आभाळ स्वच्छ असलेल्या पहाटे. वारा अंगाला बोचतो, पण तापमापीला अंग नसतं. हे मी हॉटेलात बसून किती वेळा सांगितलं असेल. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं यंत्र बिघडलं आसंल काका."

एका दैनिकाचा बातमीदार रोज सकाळी पावणेनऊला फोन करायचा. माणूस मनानं वाईट नव्हता.

"काका, किती?"

"अकरा पूर्णांक दोन."

"अकराची बातमी लागत न्हाई हो. नऊ करा ना. दोनच तर डिग्री हाय."

"नऊ नव्हतं."

"कुठं तरी शेतात आसंलच की नऊ."

दुसऱ्या दिवशी पेपरात 'पारा नऊवर, तालुका गारठला'. आता एक तर नऊ नव्हतं. दुसरं म्हणजे किमान तापमान मोजतात त्या तापमापीत पारा नसतोच, स्पिरिट असतं. तिथं घसरायला पारा आणायचा कुठून? पण लोकांनी पेपर माझ्या तोंडासमोर धरला. "छापलंय नऊ आन तुमी अकरा म्हणून राहिलेत." एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गंमत म्हणून हसून सांगितली असती. आठवड्यानं वरच्या कार्यालयातून मला पत्र आलं, की वृत्तपत्रातलं तापमान आणि आपण कळवलेलं तापमान यांत तफावत का, याचा खुलासा करावा. पेपरवाल्याला नाही, मला. मी खुलासा केला. तो करताना कागद दोनदा फाटला, इतकं पेन दाबून लिहीत होतो.

दुसरं गिऱ्हाईक माणिकराव. मुलीचं लग्न जानेवारीत, मळ्यात मांडव. आदल्या आठवड्यात वेधशाळेत येऊन बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी वारा सुटतो का न्हाई, लिहून द्या." मी म्हटलं, अंदाज मी करत नाही, मी फक्त झालेलं मोजतो. अंदाज वरून येतो आणि त्यात शक्यता असते. ते म्हणाले, "हाव म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. शक्यता कशाला पायजे मधी?" लग्नाच्या दिवशी पान हललं नाही. माणिकराव पेढे घेऊन आले आणि माझ्या पाया पडायला लागले. पुढल्या वर्षी दुसऱ्या एकाचा मांडव उडाला, त्यानं मला तीन महिने शिव्या दिल्या. त्या पेढ्यांवर माझा जेवढा हक्क होता तेवढाच त्या शिव्यांवर. मी दोन्ही घेतलं.

अंदाज करणारे लोक हुशार असतात, हे मला इथं स्वच्छ लिहायचं आहे. आमच्यासारख्या कितीतरी ठिकाणच्या नोंदी जमवून ते अंदाज बांधतात आणि प्रामाणिकपणे तोलूनमापून लिहितात. 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता' असं ते लिहितात तेव्हा त्याचा अर्थ असतो, की एवढ्या मोठ्या जिल्ह्यात चार-दोन ठिकाणी सुटेल, बाकीकडं नाही सुटणार, आणि कदाचित कुठंच नाही सुटणार. माझा राग त्यांच्यावर नाही. माझा राग वाचणाऱ्यांवर आहे. ते 'तुरळक' गाळतात, 'शक्यता' गाळतात आणि उरलेला वारा आपल्या सोयीनं वापरतात.

आता भांडण सांगतो.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. गावात एक बडे पाहुणे कशाच्या तरी उद्घाटनाला येणार होते म्हणून चौकात स्वागत कमान उभी राहिली. काम शेषराव मंडपवाल्याचं. वीस फूट उंच बांबूची कमान, त्यावर लाकडी फळ्या आणि फ्लेक्स. खड्डे खोदून बांबू पुरायचे तर रस्ता फोडावा लागतो, मेहनत लागते. शेषरावनं काय केलं, तेलाचे रिकामे डबे आणले, त्यांत वाळू भरली आणि बांबू त्यांत खोचले. डबे फ्लेक्सच्या कापडानं झाकले. गावात सगळ्यांनी ते पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं, रोज तिथूनच सायकलनं जायचो. कोणी काही बोललं नाही.

चौकालाच लागून अंगणवाडी. तिथं सुमनबाई वाघमारे मदतनीस होत्या. मुलांना घरून आणायचं, झाडलोट करायची, खिचडी शिजवायची, सगळं त्यांच्याकडं. त्या दिवशी सकाळी त्या उन्हाला बसल्या होत्या, थेट कमानीच्या पायथ्याशी, कारण चौकात पहिलं ऊन तिथंच येतं. पावणेनऊच्या सुमारास कमान कोसळली आणि वरच्या फळ्या त्यांच्या अंगावर आल्या. उजव्या हाताचं कोपर चेचलं. मुलं अजून यायची होती म्हणून ती वाचली.

मी पाऊण फर्लांगावर वेधशाळेत होतो. पंधरा मिनिटांपूर्वी साडेआठची नोंद घेतली होती. वारा उत्तरेचा, ताशी सहा किलोमीटर. म्हणजे चेहऱ्याला जाणवतो, पिंपळाची पानं सळसळतात, एवढाच. सहा किलोमीटरच्या वाऱ्यानं वाळत घातलेलं धोतरसुद्धा धड उडत नाही. वीस फुटी कमान काय पडते?

संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं सुरू झालं. वारा आला. सोसाट्याचा वारा आला. शेषराव सांगत होता, त्याची माणसं सांगत होती, आणि ज्यांनी ते डबे पाहिले होते तेही माना डोलवत होते. आदल्या दिवशीच्या अंदाजात जिल्ह्यात तुरळक ठिकाणी सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता, असं आलं होतं. ते सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं. मी म्हटलं, फिरू दे, माझ्याकडं नोंदवही आहे.

इथं मला माझ्या नोंदवहीबद्दल खरं सांगायला हवं. वेग मोजणाऱ्या वाट्या तीन आठवड्यांपासून अडकल्या होत्या. आतलं वंगण थंडीनं घट्ट झालं होतं की धूळ बसली होती, देव जाणे. दुरुस्तीसाठी मी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, यंत्र उतरवून लाकडी खोक्यात बंद करून पाठवा. लाकडी खोकं कोणी द्यायचं यावर पुढचा पत्रव्यवहार चालू होता. अशा वेळी काय करायचं याचा नियम आहे. डोळ्यांनी पाहून वारा ठरवायचा. धूर सरळ वर जातो का वाकडा, पानं हलतात का फांद्या, निशाण लोंबतं का फडकतं, यावरून वेगाचा आकडा काढायचं कोष्टकच आम्हाला दिलेलं असतं. ते चांगलं कोष्टक आहे. माझ्यासारखा तीस-बत्तीस वर्षं वाऱ्यात उभा राहिलेला माणूस एका-दोन किलोमीटरच्या पलीकडं चुकत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त तसं केलं की शेऱ्याच्या रकान्यात लिहावं लागतं, यंत्र बंद, डोळ्यांनी पाहून.

ते मी लिहिलं नव्हतं. तीन आठवडे एकदाही नाही. मला ज्यांनी काम शिकवलं त्या थोरल्या बाबूंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "आकडे भरत जा, शेरा कोरा ठेव. कोरा शेरा म्हणजे चांगली वेधशाळा." शेरा लिहिला की वरून विचारणा येते, मग खुलासा, मग खुलाशावर खुलासा. आमच्या आसपासच्या सगळ्याच वेधशाळांत हीच रीत होती. आकडा खरा असायचा. तो कसा आला, तेवढं झाकलेलं असायचं.

पंधरा दिवसांनी चौकशी बसली. चौकशी अधिकारी बाहेरून आलेले, बोलायला गोड. शेषराव पुढच्या खुर्चीवर पांढऱ्या कपड्यांत. मी नोंदवही कापडात गुंडाळून नेली होती. ती उघडून त्यांच्यापुढं ठेवली तेव्हा मला, कबूल करतो, अभिमान वाटत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा आकडा कोणाच्या तरी कामाला येणार होता.

"हे सहा किलोमीटर तुम्ही यंत्रावर वाचलेत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही साहेब. यंत्र बंद होतं."

"मग?"

"डोळ्यांनी पाहून."

"कशाकडे पाहून?"

"टपरीचा धूर, पिंपळाची पानं, दर्ग्यावरचं निशाण."

मागं कोणीतरी हसलं. शेषराव हसला नाही, तो हुशार आहे.

"शेऱ्यात तसं लिहिलेलं दिसत नाही."

"राहून गेलं साहेब."

"मग ही नोंद मी धरू कशी? तुम्ही आत्ता सांगताय की यंत्र बंद होतं. वहीत तसं नाही. उद्या तुम्ही आणखी काही सांगाल." मग त्यांनी दुसरा कागद उचलला. "इथं स्पष्ट लिहिलंय, सोसाट्याचा वारा."

"साहेब, तो आदल्या दिवशीचा अंदाज आहे. तो वारा आमच्याकडं आला नाही."

"सरकारी कागद आहे ना?"

"आहे."

"शिक्का आहे?"

"आहे साहेब, पण वारा नव्हता."

ते माझ्याकडं बघून समजुतीनं हसले. म्हाताऱ्या नोकरांकडं बघून हसतात तसं. महिन्याभरानं अहवाल आला. अचानक आलेल्या सोसाट्याच्या वाऱ्यामुळं कमान कोसळली, सबब नैसर्गिक आपत्ती, कोणाचाही दोष आढळून येत नाही. जो वारा आला नाही त्याच्यावर सगळं खापर फुटलं आणि जो मी पाहिला तो कोणी मानला नाही.

सुमनबाईंचा हात कोपरातून वाकेनासा झाला. खिचडीचं पातेलं उचलता येईना, म्हणून त्यांचं मदतनिसाचं काम गेलं. चौदा वर्षं त्या अंगणवाडीत होत्या, गावातली अर्धी तरणी पोरं त्यांच्या कडेवर वाढलेली. मी निवृत्त झालो. लोकांनी शाल-नारळ दिलं आणि भाषणात 'अचूक नोंदी' असे शब्द आले. मी खाली मान घालून बसलो. त्यानंतर सुमनबाईंच्या गल्लीतून जाणं मी टाळायला लागलो. लांबच्या रस्त्यानं दूध आणायचो.

वेधशाळाही आता तशी राहिली नाही. कुंपणाच्या आत एक स्वयंचलित यंत्र उभं आहे, माणूस नाही. यंत्राला नावं ठेवत नाही, ते रात्रंदिवस मोजतं आणि मुलीच्या लग्नात उठून जात नाही. पण त्याचा आकडा गावात कोणी बघत नाही. लोक मोबाइल उघडतात. त्यात आमच्या गावाचं नाव असतं आणि खाली आकडा असतो, तो बहुतेक वेळा लांबच्या कुठल्या तरी मोठ्या ठिकाणावरून हिशेबानं काढलेला. बाहेर स्वेटर घालून कुडकुडणारा माणूस मला मोबाइल दाखवून सांगतो, "अठरा हाय काका, थंडी न्हाईच."

गेल्या जानेवारीत चौकात पुन्हा कमान उभी राहिली. तीच जागा, तोच शेषराव. मी थांबलो, फ्लेक्सचं कापड काठीनं बाजूला केलं. तेलाचे डबे. एका डब्यातली वाळू तर अर्ध्यावर आलेली. मी तसाच शेषरावच्या दुकानात गेलो.

"शेषराव, बांबू पुरा. पुन्हा तेच करून राहिलास."

"काका, नाहक फिकीर करता तुमी. पडली तर वाऱ्यानं पडंल. मागं बी वाराच व्हता की. मी न्हाई म्हणत, सरकारनं लिवलंय."

त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तो मला समजावून सांगत होता. एवढ्या वर्षांत त्याचाही त्यावर विश्वास बसला होता. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर पडलो आणि सरळ सुमनबाईंच्या घरी गेलो.

त्या दारात बसून डाव्या हातानं मेथी निवडत होत्या. "जयभीम काका, या बसा," म्हणाल्या आणि आत सुनेला चहा सांगितला. मी चहा येईपर्यंतही थांबलो नाही. सगळं सांगून टाकलं. अडकलेल्या वाट्या, कोरा शेरा, थोरले बाबू, चौकशी. माझ्या एका रकान्यामुळं तुमचा न्याय गेला, असं म्हणालो. त्या शांतपणे मेथीची पानं खुडत होत्या.

"पर वारा नव्हता हे मला ठाव हाय की," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"म्या तांदूळ पाखडत व्हते. फोलपट सगळं माझ्या पायापाशी पडत व्हतं. तसला वारा आसता तर लांब उडून गेलं आसतं न्हवं का? पाखडताना वारा कुनीकडून हाय ते बगूनच बसावं लागतंय. त्या दिशी कसं बी बसले तरी चालत व्हतं."

टपरीचा धूर, पानं, निशाण. माझ्या कोष्टकात फोलपट नव्हतं, पण त्यापेक्षा चांगली खूण मला आजही सांगता येणार नाही.

"आन कमान वाऱ्यानं कशाला पडंल," त्या पुढं म्हणाल्या. "दोन गडी फ्लेक्स ताणाया आले. शिडी कमानीलाच टेकवली आन दोघं बी संगट चढले. डबा कलंडला, म्या डोळ्यांनी बगितला. उठाया गेले तवर अंगावर आली."

"हे चौकशीत का नाही सांगितलं?"

"मला कुनी बलावलं? म्या तवा नांदेडला दवाखान्यात व्हते. घरच्यांची सही घेतली, कमान पडली म्हणून. कशानं पडली ते कुनी इचारलंच न्हाई." त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. "तुमी तरी कुटं आलाव इचाराया?"

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. म्हणूनच ते लागलं. चौकशी अधिकाऱ्यावर चिडलो, शेषरावावर चिडलो, पेपरवाल्यावर, वरच्या कार्यालयावर, मोबाइलवर चिडलो. माझा आकडा कोणी मानला नाही म्हणून इतकी वर्षं जळत राहिलो. आणि जी बाई त्या वाऱ्यात बसली होती, जिचं कोपर त्या कमानीखाली होतं, तिला मी एकदाही विचारलं नाही, बाई, त्या दिवशी वारा होता का? मला ते सुचलंच नाही. ज्या माणसांनी कागदापलीकडं पाहिलं नाही त्यांच्यात मीही होतो, फक्त माझा कागद वेगळा होता.

मी त्यांच्या सुनेकडून वहीचा कागद मागून घेतला आणि त्या बोलल्या तसं लिहून काढलं. फोलपट, शिडी, दोन गडी, कलंडलेला डबा. खाली मी माझं लिहिलं. वाऱ्याची नोंद ताशी सहा किलोमीटर, उत्तरेचा. यंत्र बंद, डोळ्यांनी पाहून. एवढे चार शब्द लिहायला मला किती वर्षं लागली. मग लिहिलं, आत्ताची कमान तशाच डब्यांत उभी आहे, ती उतरवावी किंवा बांबू पुरावेत. मी सही केली. सुमनबाईंनी पेन डाव्या हातात घेतलं. त्या हाताची सवय अजून सहीपर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळं वेळ लागला. चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दरखास्त घेऊन कचेरीत गेलो. सकाळपासून उत्तरेचा चांगला वारा सुटला होता. जाताना चौकात बघितलं, कमानीवरचा फ्लेक्स शिडासारखा फुगत होता आणि एक बाजू डब्यासकट जागची हलत होती. तिच्याखालून शाळेची मुलं जात होती. सुमनबाईंनी दोघा-तिघांना दप्तराला धरून बाजूला ओढलं आणि दटावलं.

टेबलावरच्या बाबूंनी कागद वाचला. पूर्ण वाचला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग खिशातून मोबाइल काढला.

"काका, कमानीचं म्हणता, पण वारा कुठं हाय? हे बघा, आज-उद्या काहीच दाखवत न्हाई. शांत म्हणून राहिलंय."

त्यांच्या मागची खिडकी उघडी होती. झोत आत आला आणि टेबलावरचे कागद फडफडून उठले. दोन खाली गेले, बाकीचे निघायच्या बेतात. बाबूंचे दोन्ही हात मोबाइलवर होते. सुमनबाई पुढं झाल्या आणि डावा हात पसरून त्यांनी तो गठ्ठा टेबलावर दाबून धरला.

"मारा शिक्का," त्या म्हणाल्या. "तवर म्या धरते."